सावे सरांचे पाय

गोपीनाथ सावे सरांचा माणसाच्या कानावर फार विश्वास होता. गोष्ट नीट समजावून सांगितली, दोनदा सांगितली, फळ्यावर काढून दाखवली, की ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाऊन बसते आणि वेळ आली की तिथून उठून कामाला लागते, असं त्यांचं पक्कं मत होतं. आयुष्यभर मास्तरकी करून आणि पुढे केंद्रप्रमुख होऊनही हे मत टिकलं, यावरून सरांचा स्वभाव ओळखावा. इतका अनुभव येऊनही ज्याचं मत बदलत नाही, त्याला आपण तत्त्वनिष्ठ म्हणतो आणि सत्कार करून मोकळे होतो.

घरात मात्र या मताला फारसा आधार नव्हता. सर मुलाला, अनिकेतला, हेल्मेटचं महत्त्व सांगत आणि स्वतःचं हेल्मेट स्कूटरच्या आरशाला टांगून निघत. हायवे आला की घालतो, असं त्यांचं म्हणणं. अनिकेत आता वापीला नोकरीला होता आणि त्याचंही हेल्मेट मोटरसायकलच्या आरशालाच लटकत होतं. सरांच्या पत्नी वासंतीबाईंनी डहाणू रोड स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर उभी हयात काढलेली. रांगेतला माणूस पाटी वाचत नाही, पुढचा काय करतो ते बघतो, हे त्यांना काचेआडून रोज दिसायचं. त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "अहो, लोक तुमच्याकडे कान घेऊन येतात हे खरं. पण डोळे काही घरी ठेवून येत नाहीत." सरांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. कानाचा महिमा गाणारा माणूस स्वतःच्या बायकोचं ऐकतोच असं नाही.

गेल्या काही वर्षांपासून डहाणू-तलासरीची जमीन अधूनमधून हलते. आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, कौलांतून धूळ पडते आणि सगळं पुन्हा गप्प होतं. सुरुवातीला तंबू आले, पुढारी आले, मशिनं घेऊन तज्ज्ञ आले. पुढे सगळे गेले आणि धक्के तेवढे राहिले. या काळात सरांना भूकंपाच्या प्रशिक्षणाला पाठवलं गेलं आणि ते मास्टर ट्रेनर होऊन परतले. गळ्यात शिट्टी आली. ओठांवर तीन आज्ञा आल्या: खाली बसा, डोकं झाका, घट्ट धरा. पळू नका, ही चौथी, पण ती सर इतक्या तळमळीने सांगत की तीच पहिली वाटावी. पळताना माणसं पडतात, दारात चेंगरतात, वरून पडणाऱ्या वस्तू डोक्यात बसतात. हलणं थांबेपर्यंत टेबलाखाली थांबायचं आणि थांबलं की रांगेने मोकळ्या जागी यायचं. सरांनी हे शाळाशाळांतून सांगितलं, ग्रामसभेत सांगितलं, एका हळदीच्या मांडवातही सांगितलं. यजमानांनी शेवटी बँडवाल्याला खूण केली.

अच्छाडच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की एक पाडा लागतो. तिथली शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. या मोठ्या खोलीला पुढे एकच अरुंद दार, दारावर सिमेंटचा छज्जा, आणि मागे खिचडी शिजवायच्या खोलीतून एक आडवाट. अंगणापलीकडे मोहाचं झाड. तालुक्यातलं मोठं प्रात्यक्षिक या शाळेत ठरलं. आपत्ती व्यवस्थापनाचे साहेब जीपमधून आले. पाड्यातली माणसं अंगणात उभी राहिली. सरांनी व्हरांड्यातून अर्धा तास बोलून मुलांची आणि मोठ्यांची चांगली तयारी करून घेतली. मग वर्गात जाऊन ते फळ्यासमोर उभे राहिले. साहेब टेबलाजवळ खुर्चीत बसले. शिट्टी वाजली की मुलं बाकाखाली जाणार होती.

सरांनी शिट्टी ओठांत धरली आणि तेवढ्यात खरंच जमीन हलली.

धक्का तसा मोठाच होता. खिडक्यांची तावदानं थरथरली, फळा भिंतीवर आपटला. मुलं शिकवल्याप्रमाणे बाकांखाली वाकायला लागली होती, हे इथे त्यांच्या बाजूने सांगून ठेवायला हवं. पण वाकता वाकता सगळ्यांनी एकदा सरांकडे पाहिलं. सरांनी आपली रेक्झिनची बॅग डोक्यावर धरली होती आणि ते दाराबाहेर निघाले होते. शिट्टी तोंडातच राहिल्यामुळे दर श्वासाला ती पी, पी अशी वाजत होती. वाजत वाजत सर अंगण ओलांडून मोहापर्यंत गेले आणि त्यांनी झाडाला मिठी मारली. त्यांच्या पाठोपाठ साहेब आले. मग दारातून रेटारेटी करत सगळी शाळा आली. खिचडीची ताटं ज्यांच्या हाताला लागली, त्यांनी ती डोक्यावर धरली होती.

कुणाला काही लागलं नाही. जमीन थांबली तेव्हा सरांचा गाल मोहाच्या सालीवर होता आणि सगळा पाडा त्यांच्याकडे बघत होता. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण तिचं आजचं काम झालं होतं. साहेबांनी शर्ट नीट केला, आजूबाजूला पाहिलं आणि मोठ्या आवाजात म्हणाले की असं जिवंत प्रात्यक्षिक आपण आजवर पाहिलं नव्हतं. ते स्वतः सरांच्या मागोमाग पळाले असल्यामुळे पळण्याला प्रात्यक्षिक म्हणणं दोघांच्याही सोयीचं होतं. टाळ्या वाजल्या. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शिट्टी वाजली.

दोनेक महिन्यांनी सर पुन्हा त्या शाळेत गेले. मनाला ते प्रकरण लागून राहिलं होतं, पण मुलांची उजळणी घेतली की झालं, असा त्यांचा हिशोब होता. चौथीतली शुक्री वर्गात सगळ्यात चुणचुणीत. सरांनी तिला उभं केलं आणि जमीन हलली तर काय करायचं ते विचारलं. तिने एका दमात सांगितलं, खाली बसा, डोकं झाका, घट्ट धरा, पळू नका. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खूश होऊन विचारलं की मग आता खरंच हलली तर तू काय करशील.

"पलणार," शुक्री म्हणाली.

का, असं विचारल्यावर तिला सरांच्याच समजुतीची शंका आली असावी. "सर पलाला ना," ती हळूच म्हणाली.

सरांनी शिट्टी वाजवून पाहिली. सगळ्या वर्गाने ताटं उचलून डोक्यावर धरली आणि एका अरुंद दारातून धडाधड पळत जाऊन मोहाला मिठी मारली. ज्यांना झाड पुरलं नाही त्यांनी पुढच्याला मिठी मारली. पळताना प्रत्येक जण तोंडाने पी, पी असा आवाज काढत होता. तो का, हे कुणाला सांगता आलं नाही, पण त्यावाचून पळणं अपुरं झालं असतं. अंगणाच्या कडेच्या घरांतून दोन बायाही डोक्यावर घमेली धरून आल्या. झाडाच्या बुंध्याला कुणीतरी शेंदूर लावला होता.

शाळेच्या शिक्षिका निलम बाई तलासरीहून येत. त्यांनी सरांना बाजूला घेऊन दारावरचा छज्जा दाखवला. त्या दिवसाच्या धक्क्याने त्याला आरपार भेग गेली होती. दुरुस्तीचा अर्ज मंजूर होता, म्हणजे काम होणार नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या की सर, पुढच्या वेळी सगळी पोरं याच्या खालूनच पळणार.

आपल्या एका पळण्याने अख्खा वर्ग त्या भेगेखाली नेऊन उभा केला, ही गोष्ट सरांना त्या क्षणी जशी दिसली तशी ती पुढे कधीच दिसायची थांबली नाही. जेवताना दिसायची, स्कूटरवर दिसायची. शुक्री डोक्यावर ताट धरून त्या दारातून पळते आहे आणि वरून छज्जा सुटतो आहे.

तरी त्यांनी आधी केलं ते बोलण्याचंच. पालकसभा बोलावली आणि, हे त्यांच्या मोठेपणाचं म्हणायला हवं, सगळ्यांसमोर कबूल केलं की त्या दिवशी मी घाबरलो, पळालो, ते चूक होतं, माझं बघू नका, माझं ऐका. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग शुक्रीचा बाप बाळ्या उठला. तो चिकूच्या हंगामात घोलवडच्या वाड्यांवर तोडणीला जाई, सरांना मानत असे आणि सरांना उगीच कमीपणा घेताना बघून त्याला वाईट वाटलं होतं.

"सर, तुमी तोंडान सांगला ता सरकारचा," तो समजूत घालत म्हणाला. "पायान केला ता तुमचा. आमी तुमचा घेतला."

सभेने माना डोलावल्या. नोकरीत असलेल्या माणसाला सरकारचं सांगावंच लागतं, त्यात सरांचा काय दोष, असा एकंदर सूर होता. सर जितकं नाही म्हणत गेले तितका त्यांचा विनय पाड्याला आवडत गेला. शेवटी त्यांना चहा देऊन वाटेला लावण्यात आलं.

घरी आल्यावर त्यांनी वासंतीबाईंना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी पुढे काय करू असं विचारलं, त्यामुळे बाईही जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "डोळ्यांनी घेतलेलं कानातून कसं काढाल? पुन्हा दाखवावं लागेल. खरा धक्का बसेल तेव्हा तिथे असा आणि टेबलाखाली बसा."

उपाय बरोबर होता. अडचण एवढीच की भूकंप सरांच्या केंद्रात मोडत नव्हता. त्या दिवसापासून सर रोज शाळा भरायच्या वेळी पाड्यावर हजर होऊ लागले. काहीबाही शिकवत, टेबलाजवळ उभे राहत आणि जमिनीकडे कान लावून असत. धक्के येत होते, पण रविवारी येत होते, दिवाळीच्या सुट्टीत येत होते. एकदा सर पंचायत समितीच्या बैठकीला गेले होते तेव्हा आला. तो बारीक होता, छज्ज्याचं काही बिघडलं नाही, पण ताटं डोक्यावर घेऊन पोरं मोहापर्यंत जाऊन आली, असं निलम बाईंनी फोनवर सांगितलं. बाई वर्गाला मागच्या दाराने न्यायला बघत, पण सर पुढच्या दाराने गेले होते, म्हणून मुलं पुढच्याच दाराने जात.

चारोटीच्या पुढे हायवेवर विवळवेढ्याची महालक्ष्मी लागते. सरांनी देवळात मागणं मागणाऱ्यांना आयुष्यभर नावं ठेवली होती. जमिनीखालच्या भेगा आणि थरांची चित्रं काढून, यात देवीचा संबंध नाही, हे त्यांनी किती सभांत समजावलं असेल. आता ते जाताना स्कूटर बाजूला घेत, हेल्मेट काढत, हात जोडत. एक धक्का दे, असं मागत. फार मोठा नको. छज्जा पडण्याएवढाही नको. सौम्यसा, शाळेच्या वेळेत, मी वर्गात असताना. अशी मागणी देवीकडे आधी कुणी केली नसेल. एक दिवस मागून आलेल्या ओळखीच्या गुरुजींनी त्यांना हात जोडलेले पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेही तिथे स्कूटर थांबवू लागले.

देवीने ऐकलं की जमिनीखालच्या थरांनी, हा वाद सरांनी पुढे कधी काढला नाही. थंडीतली सकाळ होती. सर चौथीला नकाशावर तालुके दाखवत होते. आधी तो सुरुंगासारखा आवाज आला आणि मागोमाग खोली हलली, गेल्या खेपेपेक्षा जोरात.

इतके दिवस या क्षणाची वाट पाहिलेल्या माणसाने काय करावं? सरांनी बॅग डोक्यावर घेतली आणि त्यांचे पाय दाराकडे वळले. डोकं तयार होतं, तोंड तयार होतं, पायांना मात्र कुणी काही सांगितलेलं नव्हतं. दुसरं पाऊल टाकताना त्यांची नजर शुक्रीवर गेली. तिने ताट उचललं होतं. ती सरांच्या तोंडाकडे बघत नव्हती, दाराकडेही नाही. ती सरांच्या पायांकडे बघत होती. सगळा वर्ग बघत होता.

सर तिथल्या तिथे वळले आणि त्यांनी टेबलाखाली स्वतःला अक्षरशः फेकून दिलं. धडाधड आवाज करत सगळी मुलं बाकांखाली गेली. सरांनी दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरला, डोळे मिटले. बाहेर मोठा धप्प आवाज झाला आणि सिमेंटची धूळ वर्गात आली. छज्ज्याचा अर्धा भाग उंबऱ्यावर पडला होता. उरलेला अर्धा सळईला लोंबकळत होता. उंबऱ्यावर कुणीही नव्हतं.

हलणं थांबलं. आता पुढची पायरी. भिंतीत नवी भेग दिसत होती आणि दुसरा धक्का कधीही आला असता. निलम बाईंनी पलीकडच्या खोलीतल्या लहानग्यांना खिचडीच्या खोलीतून बाहेर काढलेलं सरांना ऐकू येत होतं. सरांनी टेबलाखालून हुकूम सोडला की उठा, रांगेने मागच्या दाराने बाहेर चला.

एकही मूल हललं नाही.

सरांनी पुन्हा सांगितलं. आवाज चढवला. बाकांखालून पंचवीस-तीस डोळे त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिले. सरांना कळलं की काय होतंय. सर टेबलाखाली होते. ते उठायला गेले तर गुडघे उठेनात. बोटं टेबलाच्या पायाला अशी आवळली होती की सोडवता येईनात. इतका घाबरलेला माणूस त्या खोलीत दुसरा कुणी नव्हता.

"मला उठता येत नाहीये," सर म्हणाले. आवाज रडका झाला होता आणि तो लपवायचं त्यांना सुचलं नाही. "तुम्ही जा रे. माझ्यासाठी थांबू नका."

"सर, तुमी उठला का आमी उठू," शुक्रीने बाकाखालून सांगितलं. तिच्या बोलण्यात भीती नव्हती. सर इथे बसले आहेत म्हणजे इथेच बसायचं असतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

वरची कौलं किंचित खळखळली. सरांना हायवेवर रोज दिसायचं ते चित्र दिसलं, फक्त यात दार नव्हतं, छप्पर होतं. ते उठू शकत नव्हते, पण सरकू शकत होते. त्यांनी एक गुडघा पुढे टाकला, मग दुसरा. टेबलाचा पाय हातातून सुटत नव्हता, म्हणून टेबल त्यांच्याबरोबर निघालं. कासवासारखे सर टेबल पाठीवर घेऊन फरशीवरून घासत खिचडीच्या खोलीकडे निघाले. टेबल दारात अडलं. तिथे बोटं सुटली. सर तसेच रांगत चुलीजवळून मागच्या अंगणात आले.

त्यांच्या मागे सगळा वर्ग आला. अडलेल्या टेबलाखालून रांगत, गुडघ्यांवर, ताटं डोक्यावर तोलत, एकामागे एक, न ढकलता. आपत्तीच्या प्रशिक्षणात अशी सुबक रांग सरांनी कधी पाहिली नव्हती. मोकळ्या अंगणात आल्यावरही कुणी उभं राहिलं नाही, कारण सर अजून गुडघ्यांवरच होते. पाड्याकडून बाळ्या धावत आला. छज्जा पडल्याचा आवाज त्याने पाड्यात ऐकला होता. त्याने सरांना पाहिलं, पोरांना पाहिलं, क्षणभर विचार केला आणि तोही गुडघ्यांवर बसला.

दुसरा धक्का आला तेव्हा शाळेची मागची कौलं उतरली. खोल्या रिकाम्या होत्या. सर मातीत बसून मोठ्याने रडले, आणि त्यांना रडताना पाहून दोन-चार मुलंही उगीचच रडली. शुक्रीने त्यांना पाणी आणून दिलं. पाणी आणताना मात्र ती दोन पायांवर गेली.

तिथून पुढे त्या भागात भूकंपात रांगत बाहेर येण्याची पद्धत पडली. साहेबांनी तिला एक लांबलचक नाव देऊन वर कळवलं. शेंदूर मोहावरून निघून शाळेच्या टेबलाला लागला. सर आता भाषणं कमी देतात. कुणी बोलावलं तर जातात, टेबल आहे का ते विचारतात, खाली बसून दाखवतात आणि चहा घेऊन परततात. हेल्मेट गल्लीतूनच घालून निघतात.

गेल्या महिन्यात डहाणूत संध्याकाळी एक धक्का बसला. सर घरी पेपर वाचत होते, वासंतीबाई जेवायच्या टेबलावर भाजी निवडत होत्या. भांडी वाजली. सर भानावर आले तेव्हा ते जिन्यात होते, तिसऱ्या का चौथ्या पायरीवर, डोक्यावर पेपर धरून.

त्यांनी वळून उघड्या दारातून आत पाहिलं. बाईंनी आयुष्यात त्यांचा एकही शब्द ऐकला नव्हता. त्या टेबलाखाली नीट मांडी घालून बसल्या होत्या, डोकं झाकलेलं, टेबलाचा पाय धरलेला. जमीन अजून हलत होती. बाईंनी आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली.

"या आत," त्या म्हणाल्या. "मी बघतेय."

सर आले आणि त्यांच्या शेजारी बसले.